पेपरातली बायको

तारापूरच्या वीजघराच्या कामावरच्या गेटासमोर हंसाकाकीचं चहाचं झोपडं होतं. तिथे रोज एक पेपर येई. पेपर हंसाकाकीने लावलेला, आणि हंसाकाकीला वाचता येत नव्हतं. ज्या गड्यांसाठी तिने तो लावला त्यांनाही येत नव्हतं. तरी जेवणाच्या सुट्टीत त्या एका पेपराभोवती जेवढी माणसं बसत तेवढी फक्त पगाराच्या खिडकीपुढे दिसत, आणि तिथे ती इतकी हसतमुख नसत.

रस्त्यापलीकडे दुसरं एक हॉटेल होतं, त्याच्या चहात दूध जास्त होतं. हंसाकाकीने विचार केला, दूध वाढवण्यापेक्षा पेपर लावलेला बरा. तो एकच आणला की सगळ्यांना पुरतो. शिवाय दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधता येतात.

पेपर वाचायचं काम पंढरीकडे होतं. पंढरी जळगावकडचा, सातवी पास, सिमेंटच्या भांडारात कारकून. रोज सकाळी बोईसर स्टेशनावर आलेला माल उतरवून घ्यायला जाई, तेव्हा गाडीने आलेला पेपरही तोच पिशवीत टाकून आणी. पाकिस्तानशी लढाई नुकतीच थांबली होती. पहिलं पान मोठमोठ्या अक्षरांनी भरलेलं असे. पण पहिलं पान कुणाला नको होतं. गडी जेवणाची फडकी बांधून चहा हातात घेत, आणि झिपरू म्हणे, "उलटा कर पेपर. शेवटचा पान काढ."

शेवटच्या पानावर खाली तीन चौकटींची चित्रमाला असे. एक मिशीवाला, पोट सुटलेला गृहस्थ, त्याची मोठ्या अंबाड्याची बायको आणि कुंपणापलीकडे राहणारा चष्मेवाला शेजारी. पहिल्या चौकटीत काहीतरी हरवायचं, दुसरीत शोधाशोध, तिसरीत फजिती. चित्रांच्या बाजूला शब्दकोडं, काळेपांढरे चौकोन. त्यांत कुणाला रस नव्हता, कारण चौकोन हसत नाहीत.

पंढरीने पहिले काही दिवस जे छापलं होतं तेच वाचलं. कुणी हसलं नाही. मिशीवाल्याला टेलिफोन येई, बायकोला सिनेमाला जायचं असे, शेजाऱ्याचा टाय हरवे. टाय म्हणजे काय हे झिपरूला सांगण्यातच अर्धी सुट्टी गेली. मग पंढरीने टेलिफोनाचा भोंगा केला, सिनेमाचा वाणगावचा बाजार केला, आणि एके दिवशी मिशीवाल्याचा मुकादम केला. त्या दिवशी इतका हशा झाला की रस्त्यापलीकडच्या हॉटेलातली माणसंही चहा अर्धा टाकून आली. पेपर लावला तो फुकट गेला नाही, असं हंसाकाकीने त्याच दिवशी ठरवून टाकलं.

मुकादम म्हणजे खंडेराव. सांगोल्याकडचा, मिशा खऱ्याच तशा, पोटही होतं. पंढरीचा त्याच्यावर राग होता, तो एका वाक्याचा. सिमेंटच्या गोण्या उतरताना पंढरीने कुठेतरी चूक काढली, तेव्हा खंडेराव सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आदी येक गोणी उचलून दाव, मंग शाई उडव." गडी हसले होते. हसण्यासारखी गोष्ट विसरायला गडी मोकळे असतात. ज्याच्यावर हसतात तो मोकळा नसतो.

आता यातली खरी गंमत अशी की पंढरी मुकादमाचं नाव घालून वाचतोय हे गड्यांना कळत नव्हतं. त्यांना वाटे, हे पेपरातच लिहिलेलं आहे. त्यांना भोळे म्हणणं सोपं आहे. पण महिन्यापूर्वी त्याच पेपरात कामावरच्या मोठ्या यारीचा, म्हणजे माल उचलायच्या क्रेनचा, फोटो आला होता. यारी तीच, तिच्याखालचा खड्डा तोच, खड्ड्यात उभा असलेला गडी आपणच असं झिपरूचं म्हणणं होतं. ज्या पेपराला यारी माहीत आहे त्याला ती चालवणाऱ्यांचा मुकादम माहीत नसेल, असं कशावरून? झिपरू डोंगरातला, भात निघालं की कामावर येई आणि पाऊस पडला की परत जाई. तो शहाण्यासारखा बोलला, "मुंबयला समदा कळतो. मिशी पण बराबर काढलीय."

खंडेरावाच्या कानावर हे गेलंच. त्याला राग यायला हवा होता. पण आधी तो फुगला. पेपरात येणं म्हणजे साहेबासारखं येणं. गडी मागून हसत, पण पुढून पूर्वीपेक्षा वाकून बोलत. खंडेराव मिशीवर हात फिरवी आणि म्हणे, "येतंय खरं आपलं अधनंमधनं."

आता एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. खंडेरावालाही वाचता येत नव्हतं. ठेकेदाराच्या साहेबाने मुकादमी देताना विचारलं होतं, "पढना आता है?" आणि खंडेरावाने चौथीपर्यंत शिकल्याचं सांगितलं होतं. ती चौथी त्याच्या बायकोची होती. हजेरीच्या कागदावरची नावं रोज त्याच क्रमाने येत, आणि क्रम त्याला पाठ होता. साठ गडी, त्यांचे बाप, कोण आजारी म्हणून सांगून कुठल्या लग्नाला गेला, हे सगळं डोक्यात. एवढं डोकं असलेल्या माणसाला अक्षरं का आली नाहीत, याचं उत्तर त्याच्या गावच्या शाळेला विचारायला पाहिजे. त्याला कधी कुणी तिथे पाठवलंच नव्हतं.

ते झाकायला त्याने पेपर धरला. संध्याकाळी सुट्टी झाली की हंसाकाकीकडून पेपर घ्यायचा, बगलेत मारायचा, ट्रकमधून सरावलीला आपल्या चाळीपाशी उतरायचं आणि खोलीच्या उंबऱ्यावर दोन्ही हातांत पसरून बसायचं. मधूनच "आरं तिच्या" म्हणायचं. चाळीतली माणसं बघत आणि पोरांचा गलका कमी करत. अंधारलं की पेपर आत जाई, आणि तिथे त्याची बायको गोजराबाई वाट बघत असे.

गोजराबाईला शब्दकोड्याचं वेड लागलं होतं; बाजूची चित्रं ती बघतही नसे, आणि तो विचारतही नसे. कंदील जवळ ओढायचा, पेपरची घडी मांडीवर, आणि वाचायला लागायचं. चुलीवर कालवण उकळत राही.

"आडवा सातवा. बैलाच्या गळ्यात वाजती. पाच अक्षरं."

खंडेराव भाकरी मोडता मोडता बोटं मोजी. "घुं, ग, र, मा, ळ. घुंगरमाळ."

"बसली की ओ. आता उभा तिसरा. रानात उभं ऱ्हातंय, माणूस न्हवं."

"तुजा भाऊ."

"पाच अक्षरं पायजेत."

"मंग बुजगावणं लिव्ह. त्यो बी त्योच."

ती हसून लिही. शब्द त्याच्याकडे होते, अक्षरं तिच्याकडे. दोघांचं मिळून एक शिकलेलं माणूस होत होतं, आणि ते माणूस मोठं आनंदी होतं. सांगोल्याला सासूच्या हाताखाली नऊ-दहा माणसांच्या घरात ती वर्षानुवर्षं राबली होती. मूल नाही म्हणून रोज ऐकलं होतं. सरावलीतली ही पत्र्याची खोली म्हणजे तिची पहिली स्वतःची चूल. हे तिला कुणी सांगायला नको होतं. रोज सकाळी ती चूल सारवताना तिच्या तोंडाकडे बघितलं असतं तरी कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी भरलेल्या कोड्यासकट तो पेपर हंसाकाकीकडे परत जाई आणि त्यात भजी बांधली जात. भजी खाता खाता पंढरीला भरलेले चौकोन दिसत. "कुणी भरलं?" त्याने एकदा विचारलं. "म्या," खंडेराव म्हणाला. मुकादमाला वाचता येत नसावं अशी पंढरीला जी शंका होती ती त्या तेलकट कागदाने मिटवली.

मग पेन्सिलीचं झालं. गोजराबाईजवळचं पेन्सिलीचं टोक बोटात धरता येईना एवढं झालं. शेजारच्या खोलीत भगवंत नावाचा पोरगेला माणूस राही. जमिनीची मोजणी करणाऱ्या तुकडीत कामाला, डोळ्यांना चष्मा. तिने दारातूनच विचारलं, "भावजी, पेन्सिल हाय का येखादी?" त्याने खिडकीतून एक दिली. एवढंच. दोन दारं सोडून पंढरी राहत होता. तो दात घासत उभा होता, त्याने पाहिलं. त्याने त्याचं त्या वेळी काही केलं नाही. काही माणसं पाहिलेलं लगेच खर्च करत नाहीत.

आठवड्याभरात पेपरानेच त्याला संधी दिली. त्या दिवशी चौकटीत चष्मेवाला शेजारी कुंपणावरून मिशीवाल्याच्या बायकोला काहीतरी बारीक, लांबट देत होता. तिसऱ्या चौकटीत मिशीवाला खाली मान घालून चहा ढवळत होता.

गड्यांनी चहा घेतला. पंढरीने घसा साफ केला.

"मुकादम कामावर गेलेत. शेजारचा चष्मेवाला येतो. म्हणतो, 'बाई, ही घ्या पेन्सिल.' बाई म्हणते, 'मला कशाला?' तो म्हणतो, 'मुकादम घरी नसले की दोन ओळी लिहीत जा मला.'"

"आयला," कुणीतरी म्हणालं.

"आन मुकादम?" झिपरूने विचारलं.

"मुकादमाला काय पत्ता? बघ की. चहा ढवळतोय."

सगळे चित्रावर वाकले. चष्मा होता. अंबाडा होता. पेन्सिल होती. आणि मुकादम खरोखरच चहा ढवळत होता. हशा असा उठला की हंसाकाकीने उकळतं पातेलं उतरवून ठेवलं.

तेवढ्यात खंडेराव आला. रोज तो साहेबाच्या शेडमध्ये जेवे आणि उशिरा येई. हशा एकदम तुटला. झिपरूच्या मनात काही वाईट नव्हतं. पेपरात येणं मुकादमाला आवडतं एवढंच त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "मुकादम, तुमच्या घरचा आलाय. बाईचा पण आलाय. तो चष्मेवाला तिला पेनशील देते."

खंडेरावाने पेपर घेतला. त्याला चित्र दिसत होतं, आणि चित्र पंढरीच्या बाजूने बोलत होतं. खाली ज्या काळ्या ओळी होत्या त्या कुणाच्याच बाजूने बोलत नव्हत्या. आजूबाजूला वीस-पंचवीस तोंडं त्याच्याकडे लागलेली. कुणाला तरी विचारायचं, की बाबा, खरंच असं लिहिलंय का? विचारणारा तर चौथी शिकलेला मुकादम.

"वाचलं असेलच तुम्ही," पंढरी म्हणाला. त्याला वाटत होतं, आता हा पेपर तोंडावर फेकून मारणार.

"सकाळीच वाचलंय म्या," खंडेराव म्हणाला. "हेच हाय."

सकाळी पेपर पंढरीच्या पिशवीत होता. आणि त्यात हे नव्हतं. दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात एकाच वेळी शिरल्या, आणि त्याने पेपर खंडेरावाच्या हातातून घेऊन घडी घातली. हातात एवढी मोठी गोष्ट आली की माणसं जपून वागायला लागतात.

त्या संध्याकाळी खंडेराव उंबऱ्यावर बसला नाही. सरळ आत गेला आणि पेपर गोजराबाईपुढे टाकला.

"भगवंताची पेन्सिल कशाला घेतलीस?"

"कोडं भराया. तुमच्याम्होरंच तर लिव्हतीया रोज." तिने पेन्सिल दाखवली.

"पेपरात आलंय."

"काय आलंय?"

"वाच."

तिने कंदील ओढला आणि वाचलं. वाचताना तिला हसू आलं. "अवो, त्यो शेजारी चमचा द्यायला आलाय. म्हन्तोय, काल तुमचा चमचा नेला हुता. ती म्हन्ती, तरीच. आन ह्यो नवरा बघा, चमचा न्हाई म्हनून दाढीच्या ब्रशानं चा ढवळतोय. ह्यो बघा ब्रश."

खंडेरावाने बघितलं. ब्रश होता. केस स्पष्ट काढलेले होते. दुपारी वीस माणसांनी बघून कुणालाच तो दिसला नव्हता.

"पंढरीनं निराळं वाचलं," तो म्हणाला.

"पंढरीनं खोटं वाचलं. मंग तुमी त्याला म्हनला न्हाईसा?"

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तुमी काय म्हनलासा?"

"म्हनलं, म्या बी वाचलंय. हेच हाय."

गोजराबाई त्याच्याकडे बघत राहिली. कालवण करपल्याचा वास आला तरी उठली नाही. मग हळू म्हणाली, "उद्या येवढंच म्हना, पंढरी खोटं वाचतोय. येवढंच. दुसरं कायबी नगं."

"आन ते म्हनले, मंग काल का न्हाई म्हनलास? काय सांगू? मला येत न्हाई? मुकादमी जाईल."

"आन न्हाई म्हनला तर?"

"लोक थुकत्याल. असली बायकू घरात ठिवली म्हनून." तो भिंतीकडे तोंड करून बोलत होता. "तू जा थोडं दिस गावाकडं. इसरत्याल लोकं."

थोडे दिवस म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. गावात कारण विचारतील. कारण सांगोल्यापर्यंत तिच्या आधी पोचलेलं असेल. त्यांच्याकडचे चार गडी कामावर होतेच. सासरी दार उघडणार नाही, आणि भावाच्या घरी वहिनीचं राज्य. चूल तर गेलीच, पाठ टेकायला कोपरासुद्धा मागून घ्यावा लागला असता.

"म्या न्हाई जायची," ती म्हणाली. "उद्या म्या येती गेटावर. म्याच वाचून दावती."

आणि आली. सरावलीच्या नाक्यावर तारापूरची एस. टी. पकडून, डोक्यावरून पदर घेऊन, कालचा पेपर छातीशी धरून जेवणाच्या सुट्टीत झोपड्यापुढे येऊन उभी राहिली. गडी सरकले. हंसाकाकीने तिला बसायला खोकं दिलं, पण ती बसली नाही. खंडेराव आज शेडमध्ये जेवायला गेला नव्हता. बाकड्याच्या टोकाला बसला होता.

"काल हितं माजं नाव घेऊन वाचलं," गोजराबाई म्हणाली. "आता म्या वाचती. जे छापलंय ते. ऐका."

आणि तिने वाचलं. अक्षर न चुकता, शाळेत वाचतात तशा एकाच सुरात. काल आपला चमचा नेला होता, तो परत करण्यास आलो. तरीच म्हटलं चमचा कुठे गेला. अहो, हे काय, दाढीच्या ब्रशाने चहा? वाचून झाल्यावर तिने मान वर केली.

कुणी हसलं नाही. गडी एकमेकांकडे बघत होते. कुणीतरी जांभई दिली.

"यात हसायचा काय हाय?" झिपरूने खरोखरच विचारलं.

"हेच छापलंय," ती म्हणाली.

"असा कसा छापतील? मुंबयवरून चमच्यासाठी कागूद पाठवतील?"

हे म्हणणं सगळ्यांना पटलं. कालचं किती रंगलं होतं आणि हे किती फिकं होतं, हा पुरावा त्यांना पुरेसा होता. एक जण समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, तुमच्यावर आलाय म्हनून तुमी असाच वाचणार. आमी काय बोलत नाय."

"ब्रश बघा की," तिने पेपर पुढे केला. "चित्रात हाय."

दोघांनी बघितलं. आज त्यांना ब्रशाच्या जागी चमच्याची दांडी दिसली.

"वहिनी," पंढरी अदबीने म्हणाला, "मी काय, साधा कारकून. माझी चूक होईल एखादवेळी. पण मुकादमांनी स्वतः वाचलंय. त्यांनाच विचारा ना."

सगळ्या माना बाकड्याच्या टोकाकडे वळल्या. गोजराबाईही त्याच्याकडे बघत होती. फार अवघड वाक्य नव्हतं. तिने ते त्याला आदल्या दिवशी संध्याकाळी शिकवूनही ठेवलं होतं.

खंडेरावाने मिशीवर हात फिरवला. "छापलं हुतं तेच म्या वाचलं," तो म्हणाला. "बाईमानसाला काय वाचाया येतंय."

गोजराबाईने पेपराची घडी घातली आणि शब्दकोडं वर येईल असा तो त्याच्या मांडीवर ठेवला. आदल्या दिवशीचं कोडं कोरंच होतं. त्या संध्याकाळी ते कुणी भरलं नव्हतं. कमरेची पेन्सिल काढून तिने त्यावर ठेवली.

"मंग भरा," ती म्हणाली. "हितंच. समद्यांम्होरं. आज म्या वाचून द्यायची न्हाई. तुमचं तुमी वाचा आन लिव्हा."

खंडेरावाचा हात हलला नाही. मांडीवरचा पेपर वाऱ्याने फडफडला आणि पेन्सिल घरंगळून खाली पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही. साठातले जे तीस-चाळीस गडी तिथे होते त्या सगळ्यांना त्या क्षणी कळलं. कळायला अक्षरं लागत नाहीत. त्यांनी मुकादमाचा घाम बघितला, आणि मग प्रत्येकाने मनातल्या मनात एक छोटा हिशेब मांडला. उद्या सकाळी नाव कोण पुकारणार? सणाला सुट्टी कोण देणार? हलकं काम कुणाला आणि दगडाचं कुणाला, हे कोण ठरवणार? बाई तर एस. टी.ने आली, एस. टी.ने जाईल.

झिपरू पहिला बोलला. तो खाली बघत होता. "मुकादमाला येतो वाचाया. आमी भज्याच्या कागदावर पाहिलाय. रोज भरतो."

"हां, हमने भी देखा है," कोपऱ्यातून एक सुतार म्हणाला.

आता सगळं पंढरीच्या हातात होतं. एक शब्द बोलला असता तरी मुकादमी संपली असती. गोणीचं वाक्य व्याजासकट फिटलं असतं. पंढरीने तो शब्द जिभेवर आणला, चाखला आणि गिळला. उघडा पडलेला मुकादम उद्या निघून गेला असता. झाकलेला मुकादम जन्मभर कामाला येतो.

"वहिनी, मुकादम रोजच भरतात," तो म्हणाला. "पण आता भोंगा होईल. जेवणाच्या सुट्टीत का कोडी सुटतात?"

भोंगा झाला. गडी भराभर उठले, एरवी कधी इतक्या तत्परतेने उठले नव्हते. खंडेराव त्यांच्यामागून उठला. जाताना तिच्याजवळ क्षणभर थांबला आणि म्हणाला, "संध्याकाळच्या गाडीनं निघ." पेपर बाकड्यावरच राहिला.

हंसाकाकीने गोजराबाईला चहा दिला. नको म्हणाली तरी हातात दिला. "पोरी, बोललीस ती चांगलीच बोललीस," ती म्हणाली. मग गिऱ्हाईक आलं, तिकडे वळली. पेपर बंद करावा असं काही तिच्या मनात आलं नाही.

भगवंत त्याच आठवड्यात खोली सोडून पालघरला राहायला गेला. कुणाला काही सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. आणि पेपर खोटा असेल हा उरलासुरला संशयही त्याच्या जाण्याने फिटला असं सगळ्यांनी मानलं. गोजराबाईला बोईसर स्टेशनावर पोचवायला खंडेराव गेला नाही. ट्रंक उचलायला त्याने एक गडी दिला होता. तो गडी नंतर सांगत होता की बाई रडलीबिडली नाही. फलाटावर भिंतीला चिकटवलेली जाहिरात होती, ती तिने वाचून काढली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, आणि मग डब्यात चढली.

पुढे झोपड्यातलं सगळं होतं तसंच चाललं. पंढरी आता गोण्या मोजायला उन्हात येत नाही. मुकादम स्वतः मोजून आकडा सांगतो आणि पंढरी सावलीत बसून लिहितो. हजेरीच्या कागदावर पंढरीने कधीमधी एखादं नाव वरखाली केलं तर खंडेराव चाचपडतो, पण बोलत नाही. संध्याकाळी तो पेपर अजून बगलेत मारून नेतो आणि उंबऱ्यावर पसरून बसतो. दुसऱ्या दिवशी भजी ज्या कागदात येतात त्यातले चौकोन कोरे असतात. हे हंसाकाकीच्या ध्यानात आलंय. पण कोऱ्या कागदात भजी जास्त चांगली राहतात; पेन्सिलीचं लागत नाही.

चित्रमाला मात्र थांबली नव्हती. मुंबईला काय पत्ता? गोजराबाई गेल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी पंढरीने शेवटचं पान काढलं. पहिल्याच चौकटीत मिशीवाल्याची बायको अंबाडा घालून, हातात कपबशी घेऊन उभी.

पंढरी वाचायला लागणार तेवढ्यात झिपरूने चित्रावर बोट ठेवलं. "ही तर घरातच हाय. आपली बाई तर गावाला गेली ना?"

सगळे चित्राकडे बघू लागले. प्रश्न बरोबर होता. ज्या पेपराला यारी ठाऊक, पेन्सिल ठाऊक, त्याला बाई गेल्याचं ठाऊक नाही असं कसं होईल? कुणाच्या तरी कपाळावर आठी पडली. चमच्याची गोष्ट पुन्हा कुणाच्या तरी डोक्यात यायला लागली असावी, कारण दोघा-तिघांनी एकदम खंडेरावाकडे बघून मान फिरवली. एरवी तोंडात शब्द तयार असलेला पंढरी पहिल्यांदाच अडखळला. "म्हणजे त्याचं काय आहे—" तो म्हणाला आणि थांबला.

खंडेराव बाकड्याच्या टोकाला बसून चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला, हात पुढे केला आणि पेपर मागून घेतला. दोन्ही हातांत नीट धरला. चित्रातल्या बाईवरून त्याची नजर खालच्या काळ्या ओळींवर गेली आणि डावीकडून उजवीकडे, सावकाश, वाचणाऱ्याची फिरते तशी फिरली.

"ही ती न्हवं," तो म्हणाला. "ही दुसरी हाय. खाली लिव्हलंय."

त्याने पेपर पंढरीकडे दिला. पंढरीने घेतला आणि पुढचं वाचायला सुरुवात केली.